कोल्हापुरातली तुमची जागा कोणती? इंटिरिअरवाल्यांनी लिहा, बाकीच्यांनीही लिहा

कडीपाट

गेल्या महिन्यात माझ्याकडं एक मुलगी कामाला लागली. नुकतीच शिकून आलेली, हात चांगला, नजर त्याहून चांगली. चौथ्याच दिवशी तिनं विचारलं, "मॅडम, तुमची आवड नेमकी कशी आहे?" सतरा वर्षं कोल्हापुरात इंटिरिअरची कामं करतेय, पण चटकन सांगता येईना. जुन्या कामांचे फोटो दाखवण्यापेक्षा तिला रिक्षात बसवलं आणि टाऊन हॉलला नेलं.

तिथल्या संग्रहालयातल्या, ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू बघून बाहेर आलो तर पाऊस सुरू झालेला. कमानीखाली थांबलो. ही इमारत १८७२ ते १८७६ मधली, आराखडा मेजर मँट या इंग्रज वास्तुरचनाकाराचा. १८८४ ला पुरा झालेला नवा राजवाडाही त्यांचाच. टोकदार कमानी आणि उतरती छपरं विलायती, दगड मात्र आपला काळा. तो कोरडा असताना करडाच दिसतो. भिजला की एकदम गडद होतो आणि समोरच्या झाडांचा हिरवा रंग त्यात उतरतो. तिला म्हटलं, हात लावून बघ. ती म्हणाली, "गार नाहीये, कोमट आहे." सकाळभर ऊन होतं, ते त्यानं धरून ठेवलं होतं.

तिथं उभी असताना मला माझ्या आजीचं शिवाजी पेठेतलं घर आठवलं. रस्त्यावरनं दोन पायऱ्या चढल्या की सोपा, म्हणजे पुढची पडवी. सोप्याला एका अंगानं दगडी कट्टा, सोळा इंच उंच (पुढं मी टेपनं मोजला होता). दूधवाला, भाजीवाली, पोस्टमन, आजोबांचे तालमीतले दोस्त, सगळे त्या कट्ट्यावरच बसायचे. ते घराबाहेरही नव्हते आणि घरातही नव्हते. बसून बसून मधला भाग आरशासारखा झाला होता, कडेचा मात्र खरबरीत. आता त्या जागी चार मजले उभे आहेत.

माझी आवड तिथनं आली. माझ्या प्रत्येक आराखड्यात दाराजवळ बसायची जागा आधी पडते, टीव्हीची भिंत नंतर ठरते. कुणी मागितली नसली तरी मी ती सुचवते, आणि का, ते समजावून सांगते.

तर आता तुम्ही सांगा. कोल्हापुरातली कुठली जागा तुमची, आणि तिथनं तुम्ही कामात नेमकं काय उचललं? नुसतं "रंकाळा लई भारी" नको.

उद्यमनगरवाला

ताई, मस्त धागा काढलात.

माझी जागा शिवाजी उद्यमनगर. फडतरेंची मिसळ तर आहेच, पण मी तिथं वाढलो ते वडिलांच्या पॅटर्न शॉपमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फाउंड्रीत लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करतात, तो पॅटर्न. तो वाळूत दाबला की साचा तयार होतो, साच्यात रस ओततात. पण हुबेहूब म्हणजे तेवढ्याच मापाचा नव्हे. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना फुटाला साधारण एक अष्टमांश इंच आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी वडिलांकडं वेगळी पट्टी होती. तिच्यावरचा फूट हा खऱ्या फुटापेक्षा जरासा लांब. लहानपणी मी ती पट्टी शाळेत नेली आणि भूमितीच्या सगळ्या रेघा चुकल्या. वडील रागावले नाहीत. त्यांनी रात्री दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून का ते दाखवलं.

माझं सगळं काम त्या पट्टीवर उभं आहे. सागवानी दार मार्चमध्ये बसवताना घट्ट आणि देखणं बसतं, जुलैत ते उघडत नाही. वस्तू पुढं कशी होणार आहे ते धरून आजचं माप घ्यायचं. मी ड्रॉवरला आणि दाराला फट ठेवतो तेव्हा नवे सुतार नाक मुरडतात. पावसाळा झाला की त्यांना पटतं.

आणि बिडाच्या मुठी, ब्रॅकेट, टेबलाचे पाय मी इथंच ओतून घेतो. बाहेरनं आणलेल्या चकचकीत मुठीपेक्षा वाळूचा खरबरीतपणा अंगावर असलेली मूठ हाताला बरी लागते. नव्या राजवाड्यात दरबार हॉलमध्ये गेलात तर शिवचरित्राच्या रंगीत काचा सगळे बघतात, पण मान वर करून सज्ज्याचं लोखंडी काम बघा. मला तर तिथनं हलवत नाही.

पांढरी भिंत

मी पुण्यात शिकले, तिथं चार वर्षं काम केलं आणि तीन वर्षांपूर्वी परत आले. ताराबाई पार्कात राहते. कडीपाट ताई, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण थोडं विरुद्ध बोलते.

टाऊन हॉलला काळा दगड शोभतो, कारण तिथं उंची आहे आणि भोवती बाग आहे. दहा बाय अकराच्या हॉलमध्ये आपण एका भिंतीला काळ्या दगडाचं क्लॅडिंग करतो आणि ग्राहकाला "आपला कोल्हापुरी टच" म्हणून सांगतो, तेव्हा त्या घरातला निम्मा उजेड आपण खाऊन टाकतो. गेल्या वर्षी असं एक घर मी उकलून पांढरं केलं. तिथल्या आजी म्हणाल्या, आता सुईत दोरा ओवता येतो.

माझी जागा खासबाग मैदान, पण कुस्ती नसतानाचं. राजर्षी शाहूंनी रोमचं जुनं मैदान बघून आल्यावर हे बांधलं, १९१२ मध्ये. सगळीकडनं उतरत येणारा गोल आणि मध्ये फक्त लाल माती. ताक, हळद, तेल, लिंबू घालून मळलेली. रिकाम्या मैदानात दुपारी बसलं की कळतं, कुठंही बसा, मधली ती माती पूर्ण दिसते. एवढं मोठं बांधकाम केलं ते मधली जागा मोकळी राहावी म्हणून.

घरातही मी तेच करते. हॉलच्या मध्ये काही ठेवत नाही. सेंटर टेबलसुद्धा नाही. पोरं तिथं खेळतात, सणाला पंगत बसते, गौरीची आरास तिथं होते. लोक म्हणतात, "हॉल ओका दिसतो." मी म्हणते सहा महिने राहून बघा.

जुनं सागवान

खासबागचा विषय निघाला म्हणून लिहितो. एरवी मी वाचतोच फक्त.

त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांचंच काम, १९१५ चं, तेव्हा नाव पॅलेस थिएटर. मी तिथं पहिलं नाटक वडिलांच्या मांडीवर बसून पाहिलं आणि शेवटच्या रांगेत बसूनही कुजबुज ऐकू आली. लाकूड आवाज कसा धरतं आणि कसा सोडतं ते मी तिथं शिकलो. पुढं चाळीस वर्षं वाड्यांच्या दुरुस्त्या केल्या, पण बैठकीत बोललेलं घुमू नये म्हणून लाकडाचं छत घालताना डोक्यात तेच नाट्यगृह असायचं. जिप्समच्या छताखाली माणसं थोडी मोठ्यानं बोलतात, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी त्या रस्त्यानं बरेच दिवस गेलो नाही. नंतर गेलो तेव्हा दगडी भिंती उभ्या होत्या आणि वर आभाळ दिसत होतं. शाहीर, नट, पडदे ओढणारे, चहावाले, सगळे तिथं उभं राहून रडले. पुन्हा उभारायचं काम चालू झालंय, ते चांगलं व्हावं. माझी जागा तीच आहे, दुसरी सांगता येणार नाही.

पंचगंगाकाठ

काका, वाचून गलबललं.

मी आवडीचं कमी आणि पाण्याचं जास्त लिहिणार आहे, चालेल का? माझं दुकान आणि वर घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या बाजूला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आकडे आमच्याकडं पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला परत. पहिल्या वेळी माझ्या स्वतःच्या शोरूममधलं सगळं गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे मी केलेली नऊ घरं गेली. त्या घरांत मी ज्या दुकानातनं प्लाय घेतला होता, तिथं "वॉटरप्रूफ" म्हणून साधा एमआर प्लाय (फक्त दमटपणा सोसणारा) माथी मारला होता. पाणी उतरल्यावर दारं पुस्तकासारखी पानापानानं उघडली होती. बिलावर विश्वास ठेवला, शिक्का बघितला नाही, ही चूक माझी.

तेव्हापासनं माझी पद्धत बदलली, ती इथं लिहून ठेवतो, कुणाला उपयोग झाला तर. पूरपट्ट्यातल्या तळमजल्यावर जमिनीपासनं तीन-साडेतीन फुटांपर्यंत प्लाय, एमडीएफ, पीओपी काहीच लावत नाही. स्वयंपाकघराचा ओटा विटांचा आणि कडाप्प्याचा, आपल्या आयांचा असायचा तसा. दारं ॲल्युमिनियमची नाहीतर भरीव सागवानाची. वर जिथं प्लाय लावायचा तिथं आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा शिक्का स्वतः बघून. पण शिक्क्याचाही फुगा नको, चार-पाच दिवस पाण्यात बसलेला कुठलाही प्लाय पहिल्यासारखा राहत नाही, कडा उसवतातच. भरीव सागवान मात्र सावलीत हळूहळू वाळवलं, रंधा मारला, पॉलिश केलं की परत उभं राहतं. सॉकेट पाच फुटांवर. दिसायला बरं दिसत नाही, मान्य आहे. खाली कोटा.

आणि पाणी उतरल्यावर घाईनं रंग मारू नका! भिंत आतनं ओली असते. गणपती तोंडावर आले म्हणून रंग मारला की दिवाळीपर्यंत पोपडे, मग लोणा. खिडक्या उघड्या ठेवून भिंत महिना-दोन महिने श्वास घेऊ दे.

जागा विचारलीत म्हणून, पंचगंगा घाट. पहाटे पायऱ्यांवर बसतो. दर वर्षी पाण्याखाली जातात, वर येतात, गाळ धुतला की झालं. त्या दगडांना माझ्यासारखं नुकसान माहीत नाही. मला घर तसं करायचंय.

पांढरी भिंत

दादा, हे सगळं मी उतरवून घेतलं. नागाळा पार्कात तळमजल्याचं काम आलंय, आराखड्यात सॉकेट नेहमीच्या उंचीवर होती. आजच बदलते.

गुळाचा रंग

मी रंगांकडं जास्त झुकते, म्हणून दोन जागा सांगते.

एक, राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. राहत्या घराचंच संग्रहालय झालंय, त्यामुळं चित्रं घरात लावल्यावर कशी दिसतात ते तिथं कळतं. आपण कलापूर म्हणतो, आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची नावं घेतो, आणि ग्राहकाच्या भिंतीवर मात्र कुठनं तरी छापून आलेला कॅनव्हास टांगतो. मला हे मनापासनं लागतं. शाहू स्मारकच्या दालनात आपल्याच पोरांची प्रदर्शनं लागतात. दर वेळी एक तरी चित्र ग्राहकाला घ्यायला लावते.

दुसरी जागा अंबाबाईचं देऊळ, किरणोत्सवाच्या दिवसांत. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येतं, गरुड मंडपातनं पुढं सरकतं, पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. तारखा अशा का, हे मला व्यवसायात आल्यावर कळलं. डिसेंबरातल्या सगळ्यांत लहान दिवसाच्या दोन्ही बाजूंना त्या साधारण सहा-सहा आठवड्यांवर पडतात. दक्षिणेकडं जाताना आणि परत येताना सूर्य त्याच जागी मावळतो. बांधणाऱ्यांनी ते धरून दारं एका रेषेत ठेवली. आता वाटेत इमारती आल्या, हवेत धूळ-ओल असते, एखाद्या वर्षी किरणं पोचत नाहीत, आणि गर्दीतनं "आज नाही आली" असा एक उसासा येतो. तो ऐकून मी एकदा ठरवलं की पश्चिमेच्या खिडकीसमोर कधीही उंच कपाट ठेवायचं नाही. आराखडा करायच्या आधी साइटवर संध्याकाळी पाच वाजता जाते, मे महिन्यात असले तर डिसेंबरात ऊन कुठनं येईल ते कागदावर काढते.

माझं नाव गुळाचा रंग का, ते पण सांगते. गुऱ्हाळावर काहिलीतनं वाफ्यात ओतल्यावर गूळ निवताना जो रंग धरतो, पिवळा नाही, तपकिरी नाही, तो मी गेली अकरा वर्षं भिंतीवर आणायला बघतेय. शेडकार्डात मिळत नाही. चुन्यात पिवडी आणि थोडी काव मिसळून एकदाच जवळ गेले होते, कळंब्यातल्या एका देवघरात.

कडीपाट

तो रंग मी बघितलाय! देवघरात समई लावल्यावर भिंत आतनं उजळल्यासारखी दिसते. प्रमाण लिहून ठेवलं होतंस का?

गुळाचा रंग

नाही ना ताई. मिसळणारा रंगारी आता आजारी असतो. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी वही घेऊन जाणार आहे.

फुलेवाडीची वाचक

मी डिझायनर नाही, शिक्षिका आहे. फुलेवाडीत वन बीएचके घेतलाय, ४६० स्क्वेअर फूट. दार उघडलं की थेट हॉल. कडीपाट ताई, तुमचा तो कट्टा वाचून डोळ्यांत पाणी आलं, आमच्या गावच्या घरी होता तसाच. पण एवढ्याशा घरात तो कुठं बसणार? सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, चपला घालताना भिंत धरतात.

कडीपाट

बसतो. दार ज्या बाजूला उघडतं तिच्या पलीकडच्या भिंतीला लावा, म्हणजे दार त्यावर आपटणार नाही. लांबी तीन फूट पुरे, खोली चौदा इंच. उंची मी एरवी सोळा घेते, पण सासूबाईंसाठी अठरा करा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खालनं उठणं अवघड जातं. वरती कडाप्पा, पुढची कड गोल घासून घ्यायची, अणकुचीदार नको. खाली दोन फळ्या, चपलांना, पुढं दार लावू नका. आपली चामड्याची चप्पल बंद कपाटात ठेवली की पावसाळ्यात बुरशी धरते, तिला वारा लागतो. कट्ट्याच्या टोकाला भिंतीत उभी मूठ बसवा, उठताना धरायला. उद्यमनगरवाले, बिडाची एखादी मूठ आहे का यांच्यासाठी?

उद्यमनगरवाला

आहे की. एक फुटाची, मधोमध जरा जाड, म्हाताऱ्या हाताच्या मुठीत भरेल अशी. माझ्या आईसाठी केलेला पॅटर्न आहे. फाउंड्रीत पुढचा घाणा लागला की त्यात एक टाकतो. पैशाचं नंतर बघू, मॅडम.

जुनं सागवान

कट्ट्याचं वाचून एक विचारायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी पेठेतला एक वाडा उतरवला. मी मालकांच्या पाया पडायचा बाकी होतो, पण भावाभावांचं वाटप होतं, माझं काही चाललं नाही. सोप्याचे चार खांब मी विकत घेतले, टिंबर मार्केटजवळच्या गोडाउनमध्ये आडवे ठेवलेत. सागवान, वर केळफुलाची नक्षी, खाली दगडी तळखडे, तेही आणलेत. आतापर्यंत पाच गिऱ्हाइकं आली. एकाला कापून डायनिंग टेबलाचे पाय करायचे होते. एका हॉटेलवाल्याला भिंतीत अर्धे चिरून चिकटवायचे होते. मी दिले नाहीत. एवढी वर्षं छप्पर पेललेलं लाकूड आहे, त्याला परत काहीतरी पेलायला मिळावं एवढंच वाटतं. मी ६८ वर्षांचा आहे, गोडाउनचं भाडं अजून किती दिवस भरणार? कुणाच्या हातात उभं काम असेल तर सांगा.

पंचगंगाकाठ

काका, माझ्याकडं जागा असती तर आजच आलो असतो.

पांढरी भिंत

काका, खांबांची उंची किती आहे?

जुनं सागवान

तळखडा सोडून साडेसात फूट. चारही सारखे. एकाला खालच्या बाजूला वाळवी लागली होती, तेवढी चार इंच काढून सागवानाचंच ठिगळ बसवलंय, जोड दिसणार नाही पण मी दाखवीन. का?

पांढरी भिंत

पन्हाळ्याच्या रस्त्याला एक बैठं घर चाललंय. नवरा-बायको दोघंही निवृत्त. पुढं व्हरांडा आहे, नऊ फूट उंचीचा, त्याला मी लोखंडी पाइप धरले होते आणि पांढरा रंग. परवा ते काका म्हणाले, शेजारची माणसं येऊन बसतील असं काहीतरी करा. मला तेव्हा सुचलं नाही.

भिंती पांढऱ्याच राहतील, ते मी बदलणार नाही. पण तळखडे धरून उंची बसते असं वाटतंय, वर तुळई नवी घ्यावी लागेल. खांब कापायचे नाहीत, चिरायचे नाहीत, हे मी लिहून देते. आणि कडीपाट ताई, खांबांच्या मध्ये कट्टा घ्यायचा असेल तर दगड कुठला घेऊ?

कडीपाट

काळाच घे. उघड्यावर आहे, उजेड खायची भीती नाही. वरनं पॉलिश करू नकोस, नुसता घासून घे. बाकी बसणारे करतील.

जुनं सागवान

पोरी, उद्या दुपारी ये. टेम्पो लगेच आणू नकोस, दोन दिवस पाऊस सांगितलाय आणि त्या लाकडाला आता ओल नको. आधी बघ, मोज, वरच्या नक्षीत तेल घालायचं राहिलंय ते मी आज रात्री करून ठेवतो.